न आवरण्याच्या वशाची कहाणी

ऐका मांडवाई, तुमची कहाणी. आणि तू गं कुंदे, ती केरसुणी ठेव खाली. उद्या साहेब यायचेत, ठाऊक आहे मला. म्हणून तर आज हीच कहाणी काढली. हातात अक्षता घ्या, आणि कहाणी सरेपर्यंत कुणी सतरंजीला हात लावायचा नाही.

आटपाट नगरात एक विणकर आळी होती. आळीत एक जुनं समाजमंदिर होतं, आपल्या ह्याच्यासारखंच. भिंतींना पोपडे, फुटकी कौलं, पाऊस आला की ठिकठिकाणी पातेली मांडावी. पण दार कधी लागत नसे. सकाळी पोरं पाट्या घेऊन येत, दुपारी बाया पापड लाटत, संध्याकाळी म्हातारे टाळ घेऊन बसत. मधल्या तुळईला एक लोखंडी कडी होती. आळीत मूल जन्मलं की पाळणा त्या कडीला टांगायचा, तिथंच बारसं करायचं. घराघरांत माग बसवलेले, घरी पाळण्याला जागा कुठली!

त्या आळीत हौसाक्का नावाची गरीब बाई होती. तिची लेक सुंदरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. हौसाक्कानं पाळण्याची नवी दोरी वळली, बाजूला जपून ठेवली. म्हणे, मुलगी होवो की मुलगा, नाव त्या कडीखालीच ठेवीन.

राजाच्या मनात आलं, जुनं पाडावं, नवं बांधावं. वाईट नव्हतं हो ते. नवं हवंच होतं. मग राजानं प्रधानाला सांगितलं, जा, बघून ये. प्रधान यायचा म्हणताच आळीत धांदल उडाली. एवढा मोठा माणूस, त्याला पसारा कसा दाखवायचा? मग बायांनी पोळपाट उचलले, पोरांना घरी हाकललं, म्हाताऱ्यांना देवळामागं बसवलं, पाळणा सोडला, जमीन सारवली, रांगोळी काढली. प्रधान आला. नारळ घेतला, पेढा खाल्ला, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. परत गेला अन् म्हणाला, "महाराज, तिथं चिटपाखरू नसतं."

बघा मेल्याला! जिनं पेढा दिला ती बाईसुद्धा त्याला दिसली नाही.

मग राजानं कारागीर धाडला. कारागीर यायचा म्हणताच पुन्हा पोळपाट उचलले, पुन्हा पोरं हाकलली, पुन्हा पाळणा सोडला. कारागिरानं दोरी धरून लांबी मोजली, रुंदी मोजली. वर पाहिलं तर कडी. म्हणाला, "ही कशाला?" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. "काही नाही हो, असंच. जुनी आहे." हौसाक्का तिथंच उभी होती. तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तीही म्हणाली, "असंच." अगं बाई, असंच काय असंच! माझ्या तर अंगाची लाही होते. पण खरं सांगा, आपण तरी दुसरं काय म्हणतो?

मग दवंडी पिटली. जुनं पाडायचं, तिथं संगमरवरी मंडप बांधायचा. मधोमध राजाचं आसन, दारात रथांना जागा. भिंतीत नावांची शिळा, तिच्यावर राजाचं नाव, प्रधानाचं नाव, प्रधानाच्या मेव्हण्याचं नाव. राजाकडचं कार्य असेल तेव्हा दार उघडायचं, एरवी कुलूप. मग लाटणारीनं कुठं लाटावं? शिकणाऱ्यानं कुठं शिकावं? जन्मलेल्यानं कुठं नाव घ्यावं? याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं.

इकडं सुंदरा बाळंत झाली. गोरीगोमटी लेक झाली. बारशाचा बारावा दिवस धरला, तर राजाही त्याच दिवशी पहिली कुदळ मारायला यायचा होता. कोतवाल येऊन म्हणाला, "बारसं दुसरीकडं करा." हौसाक्का म्हणाली, "दुसरीकडं म्हणजे कुठं?" तो म्हणाला, "ते आम्हाला काय ठाऊक!" अन् गेला मिशा पिळत.

हौसाक्का विहिरीवर रडत बसली. मग एक म्हातारी काठी टेकत आली. "बाई बाई, का रडतेस?" "आजी, नातीला नाव ठेवायला जागा उरली नाही." "मग तुमचं रोजचं तिथलं राजाच्या माणसांना दिसलं नाही का?" "कसं दिसेल? आम्ही आवरून ठेवलं होतं."

म्हातारीनं काठी आपटली. "तुम्हीच पुसलंत, अन् आता तुम्हीच रडता? तुला एक वसा सांगते. उतशील, मातशील, टाकून देशील!" "नाही आजी, टाकणार नाही." "मग ऐक. मोठा माणूस दारी आला म्हणून आवरायचं नाही. लपवायचं नाही. विचारलं तर 'असंच' म्हणायचं नाही."

झाला वसा. दिसायला एवढासा. पण बायांनो, उपास सोपा, पसारा दाखवणं कठीण.

बारावा दिवस उजाडला. शेजारणी केरसुण्या घेऊन आल्या. "अगं हौसाक्का, राजा यायचा, हे शोभतं का?" हौसाक्का दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "आज जी आवरील ती माझ्या नातीचं नाव पुसेल." मग एकीनं केरसुणी ठेवली, मग दुसरीनं ठेवली, मग सगळ्यांनी ठेवली. पापड लाटायला घेतले, पोरं पाट्या घेऊन बसली, म्हाताऱ्यांनी टाळ काढले, पाळणा कडीला चढला.

राजा कुदळ घेऊन आला, तर पाऊल ठेवायला जागा नाही. "हा पसारा कसला?" प्रधान ओरडला, "उचला, उचला!" कुणी उठलं नाही. हौसाक्का पुढं झाली, म्हणाली, "महाराज, हे रोजचं आहे. दोनदा तुमची माणसं आली, दोनदा आम्ही लाजून लपवलं. आता नाही लपवत. नवं बांधा, आमची ना नाही. पण ती कडी असंच नाही. या आळीतल्या प्रत्येकाचं नाव तिच्याखाली ठेवलंय. माझ्या नातीचं तेवढं राहिलंय."

कोपऱ्यातून विहिरीवरची म्हातारी राजाला म्हणाली, "उभा काय राहिलास? आलायस तर दोरी धर." प्रधानानं दातओठ खाल्ले. राजानं कुदळ खाली ठेवली अन् दोरी धरली. पाळणा हलवता हलवता त्यानं सोबतच्या कारागिराला विचारलं, "तुझ्या मंडपात पाळणा कुठं टांगायचा?" कारागिरानं वर कडीकडं पाहिलं. "वाळवण कुठं घालायचं?" कारागिरानं मोजायची दोरी गुंडाळली. "ही म्हातारी कुठं टेकायची?" कारागिरानं मान खाली घातली. मग आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं, बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, पोरीचं नाव मांडवी ठेवलं.

मग राजा सतरंजीवर बसला. बायांनी रांगोळी घेतली अन् जमिनीवर आखून दिलं, इथं पोरं, इथं वाळवण, इथं टाळकरी. तसंच नवं बांधलं. तुळई चढली, तिला आधी कडी ठोकली, मग छप्पर घातलं. नावांची शिळा पालथी घालून म्हाताऱ्यांना बसायला ओटा केला. ती काठीवाली मात्र पुन्हा दिसली नाही. मग सगळ्यांना उमगलं, ती मांडवाई होती.

जशी ती हौसाक्काला पावली, तशी तुम्हाआम्हाला पावो. आणि आता माझं ऐका. नगरसेवकाचा माणूस सांगून गेला, उद्या साहेब नव्या इमारतीसाठी पाहणी करणार, हॉल रिकामा ठेवा. अन् आपण निघालो शेवंताच्या नातवाचं बारसं परवावर ढकलायला! शेवंता काल कुंची विणता विणता डोळे पुसत होती. लाज वाटू द्या जरा. बारसं उद्याच होईल, इथंच होईल. पाळणा ह्या कडीला चढेल, शिकवणीची पोरं तिथं बसतील, शेवया खाटेवर वाळतील. साहेबांनी वर बघून विचारलं, ही कडी कशाला, तर काय म्हणायचं नाही? मोठ्यानं बोला गं! हां.

वाहा अक्षता. साठा उत्तरांची ही कहाणी पाचा उत्तरी सांगितली. सुफळ संपूर्ण उद्या म्हणू, साहेबांच्या हातात दोरी देऊन.