कोरडा पंचा

एकदा एक शिष्य आपल्या गुरूकडे गेला, तो शंका विचारायला नव्हे, शाबासकी घ्यायला. अशा शिष्याला पाहून गुरू आधी चहा मागवतात आणि मग चष्मा पुसतात.

गुरू म्हणजे समुद्रकाठच्या एका गावातले तातोबा मेस्त्री. पन्नास वर्षे त्यांनी गाड्यांच्या पोटाखाली पाठ टेकून काढली होती. शिष्याचे नाव विश्राम. तरुणपणी तो त्यांच्या हाताखाली शिकला आणि पुढे गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान थाटून नावारूपाला आला. त्याची एकुलती मुलगी मुक्ता घाटापलीकडे दिली होती. तिला सातवा महिना लागला होता आणि पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे होते. येत्या गुरुवारी विश्राम तिला आपल्या अठरा वर्षे जुन्या गाडीतून आणणार होता.

गाडीची त्याला काळजी नव्हती. दोन वर्षांपूर्वीच त्याने तिच्या तळाला जाड काळा लेप लावून घेतला होता. दारांखाली जी पोकळ पट्टी असते, तिच्यातले एकेक भोक स्वतःच्या हाताने बुजवले होते. खारी हवा आणि पावसाचे पाणी आत शिरायला मुंगीएवढीही वाट ठेवली नव्हती.

मेस्त्रींनी वाकून बॅटरीच्या उजेडात तो चकचकीत तळ पाहिला. छान म्हणाले नाहीत. उलट भलताच प्रश्न विचारला.

"सुलभा काय म्हणते गाडीबद्दल?"

"ती काय म्हणणार? तिची कधी कसलीच तक्रार नसते," विश्राम म्हणाला. बायकोचे कौतुक सांगताना त्यात स्वतःचेही थोडे मिसळायची त्याला सवय होती.

मेस्त्री हं म्हणाले. मग त्यांनी खांद्यावरचा धुतलेला पांढरा पंचा काढला, पुढच्या डाव्या दाराखाली जमिनीवर अंथरला आणि दाराच्या काचेवर हळूहळू दोन बादल्या पाणी ओतायला सांगितले. काचेवरून गाडीबाहेर ओघळलेले पाणी फडक्याने टिपून घेतले आणि स्टुलावर बसून राहिले. अर्धा तास गेला. पंचा कोरडा ठणठणीत. विश्राम खुलला. मेस्त्रींचा चेहरा मात्र उतरला.

त्यांनी टोच्या आणि हातोडी घेतली, पंचाहत्तरीचे अंग गाडीखाली सरकवले आणि त्या सुंदर काळ्या लेपात खुशाल भोक पाडले. विश्रामला ते स्वतःच्या बरगडीत लागले. काय करता मेस्त्री, असे तो म्हणेपर्यंत आतून तांबडे पाणी आले. आधी थेंब, मग धार. पांढरा पंचा गेरूत बुडवल्यासारखा झाला आणि कुबट वास सुटला.

विश्रामला घाटातले वळण दिसू लागले आणि मागच्या सीटवर बसलेली मुक्ता. मेस्त्री हातोडीने तळ ठोकत पुढे सरकत होते. चांगल्या लोखंडाचा खणखणीत नाद विश्रामच्या कानांना तरुणपणापासून ठाऊक होता. ठण्, ठण् असा तो येत राहिला, आणि पुढच्या डाव्या सीटखाली एकदम थप्प आवाज झाला. टोच्या सरळ आत गेला. त्यापुढे मात्र पुन्हा ठण्, आणि शेवटपर्यंत ठण्.

मेस्त्री बाहेर आले. "गाडीची हाडं शाबूत आहेत. तळहाताएवढा पत्रा गेलाय, तो कापून नवा जोडू. गुरुवारला अजून चार दिवस आहेत. आण पोरीला खुशाल."

विश्राम तिथेच जमिनीवर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते त्याने लपवले नाही. मेस्त्री पंचा पिळत सावकाश बोलले.

"ती भोकं पाणी आत यायला नव्हती रे, बाहेर जायला होती. काचेच्या कडेनं पाणी आत येतंच. ते कुणाला चुकलेलं नाही. तू त्याची जायची वाट बंद केलीस आणि यालाच राखण समजलास. दोन बादल्या ओतून थेंब पडला नाही, तेव्हाच मी घाबरलो. जुनी गाडी ठिबकते तोवर बरी. ठिबकायची थांबली, की खाली वाकून बघावं."

संध्याकाळी सुलभा भाजी निवडत होती. पुढच्या डाव्या सीटवर नेहमी तीच बसायची. तुला कधी काही जाणवलं नाही का, असे विश्रामने विचारले.

"गेल्या वर्षी पावसात म्हटलं होतं, पायाखाली ओल लागते म्हणून. तुम्ही म्हणालात, तुला गाडीतलं काय कळतं. मग नाही म्हटलं पुन्हा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर विश्रामला सोपे गेले असते. तो तिच्यासमोर पाटावर बसला आणि मेथीची जुडी ओढून घेतली. "आणखी काय काय नाही म्हटलंस?"

त्याला खरेच ऐकायचे आहे का, हे सुलभाने थोडा वेळ निरखून पाहिले. मग ती बोलू लागली. भाजी निवडून झाली, तरी तिचे संपले नव्हते आणि तो उठला नव्हता.

गुरुवारी दुरुस्त झालेली गाडी मुक्ताला घेऊन घाट उतरू लागली. तिसऱ्या वळणावर सुलभा म्हणाली, "जरा हळू."

विश्रामने गाडी हळू केली.