शांतवन मास्तरांचं कृपादान

"कृपादान परत करता येतं का, आबा?"

शांतवन भालेराव अजून ओट्याची पायरीही चढला नव्हता. सलाम नाही, तब्येतीची विचारपूस नाही. सायकल भिंतीला टेकवली आणि प्रश्न टाकून मोकळा झाला.

आबा खाटेवर बसले होते. रेव्हरंड याकोब चक्रनारायण हे त्यांचं नाव, पण गावातल्या ख्रिस्ती मंडळीचे ते आबाच. एके काळी उपदेश असा करायचे, की दुसऱ्या वस्तीची माणसं बैल सोडून खिडकीशी येऊन उभी राहायची. मग लकवा आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. एक शब्द बोलायचा तर आधी तो तोंडात जुळवावा लागे. तेव्हापासून आबा थोडंच बोलत, आणि तेवढ्यानंही दमत.

"कुणाचं?" आबांनी विचारलं.

"माझं. दुसऱ्याचं मी कसं परत करणार?"

"बस."

"बसायला वेळ कुठंय, आबा..."

म्हणाला खरा, पण बसला. खालीच, भिंतीला पाठ लावून. बसला आणि त्याला कळून चुकलं, की आता उठायचं म्हणजे जिवावर येणार आहे.

उद्या कापणीचा सण. शेतातलं पहिलं पीक माणसं देवापुढं आणून ठेवतात. कणसं, भोपळे, शेंगा, एखादी पाय बांधलेली कोंबडी. मंडळीच्या देवळाला उसाची कमान बांधायची असते. ती सकाळी शांतवननं बांधली. सतरंज्या त्यानंच झटकल्या. पेटीचा भाता फाटला होता, तो चिकटवला. मध्येच कुणी सांगत आलं, की आमची म्हातारी बेशुद्ध पडलीय, प्रार्थनेला चला. गेला. तिथून शाळेतल्या पोरांची गीतं बसवायला. जेवण झालंच नाही. झालं असतं तरी त्याला आठवलं नसतं.

"बोल," आबा म्हणाले.

"काय बोलू? दमलोय. एवढंच आहे बोलायला."

"झोप मग."

"तसलं दमणं नाही हो हे!" शांतवन एकदम उसळला. "पेटी मी वाजवायची. गीत मी उचलायचं. तालुक्याचे पाळक महिन्यातून एकदा येणार, बाकीच्या रविवारी उपदेश मी करायचा. कुणी आजारी पडलं, बोलवा मास्तरला. नवरा-बायकोचं वाजलं, बोलवा मास्तरला. परवा तर म्हैस पान्हा चोरते म्हणून मला प्रार्थनेला नेलं, आबा. म्हशीसाठी!"

"केलीस?"

"केली ना..."

"मग?"

"दिलं तिनं दूध," शांतवन चिडूनच म्हणाला.

आबांच्या तोंडाची एक बाजू हसली. दुसरी हसत नसे.

"हसा तुम्ही. पण मी डोळे मिटतो ना, तेव्हा आत कुणी नसतं. शब्द येतात. झक्कास येतात. बाया पदर डोळ्याला लावतात. आणि मी आतून कोरडा ठणठणीत. हे ढोंग झालं, आबा. नको मला. करुणा म्हणते, घरी येता तेव्हा तुमच्यात नवरा काय, माणूसही शिल्लक नसतो. खोटं नाही बोलत ती."

आबांनी मान डोलावली.

"तुम्हीच केलंत हे," शांतवन म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "मी पोरगा होतो. तुम्ही भर उपासनेत माझ्या डोक्यावर हात ठेवलात, आणि सगळ्यांना म्हणालात, याला देवानं गाण्याचं, प्रार्थनेचं कृपादान दिलंय. तुम्ही हात ठेवलात. आता तुम्हीच काढून घ्या."

आबांनी डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाशी धरला. मांडीवरून उचलून शांतवनला दाखवला. सोडला. तो पुन्हा मांडीवर पडला.

"तो हाच," आबा म्हणाले. "आता... उचलत नाही."

 शांतवन जमिनीकडं बघत राहिला. आबांचं कृपादान तर त्यांना न विचारताच गेलं होतं, आणि आपण त्यांच्याच दारात येऊन आपलं परत घ्या म्हणून भांडतोय, हे त्याला कळलं. कळून लाज वाटली. पण लाजेनं थकवा जात नाही. तो होता तिथंच होता.

"दुसरं कुणी करत नाही?" आबांनी विचारलं.

"कोण करणार? एकाला सूर नाही, एकाला वाचता येत नाही, एक प्रार्थनेला उभा राहिला की पंचांची उणीदुणी काढतो. मी एक रविवार आजारी पडलो ना, तर तिथं चिमणीसुद्धा चिवचिवणार नाही. सांगतो तुम्हाला."

"हं."

"खरं सांगतोय."

"प्रभुभोजन?"

"ते पाळक देतात. पण भाकरीचं ताट घेऊन रांगेतून फिरायचं मीच. मंडळीचा पंच आहे ना मी. आणि ताट फिरताना गीत चालू पाहिजे, म्हणून अर्ध्या रांगा झाल्या की ताट दुसऱ्या पंचाच्या हातात देऊन पेटीवर पळायचं. लोक शांतपणे घेतात, डोळे मिटतात. बरं वाटतं बघायला."

आबांनी मान वर केली.

"तुला... कोण देतं?"

"मला?"

"भाकर. तुला."

शांतवन बोलायला गेला आणि थांबला. मागच्या महिन्याचं आठवून बघितलं. त्याच्या मागच्या महिन्याचं. पेटी, शेवटचं कडवं, पाळक मेजावर पांढरं फडकं झाकताहेत, लोक उठताहेत...

"राहून जातं, आबा."

त्यानं मान खाली घातली.

"कधीपासून ते नका विचारू. मला नाही सांगता येणार."

ओट्यावर ऊन कलत आलं होतं. मागच्या दारानं सगुणाबाई आत आल्या. मिशनच्या कंपाउंडात पलीकडंच त्यांची खोली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आबांना दोन वेळचं त्याच करून घालत. ताट घेऊन ओट्यावर आल्या, तर खाली शांतवन. त्या जागीच थबकल्या.

"सलाम, मास्तर," म्हणाल्या, पण त्याच्याकडं न बघता.

"सलाम, मावशी."

दोघांत एक गाठ होती, ती आबांना ठाऊक होती. देवळात पेटी नव्हती तेव्हा गीत सगुणाबाई उचलायच्या. आवाज खणखणीत, सूर मात्र त्यांचा त्यांचा. पेटी आली तसा शांतवन त्यांना एकदा म्हणाला होता, मावशी, तुम्ही जरा हळू म्हणा, मेळ बसत नाही. गोडच बोलला होता. तेव्हापासून सगुणाबाई शेवटच्या रांगेत बसत आणि नुसते ओठ हलवत.

आबांनी ताट बाजूला ठेवायची खूण केली.

"सगुणा. याच्यासाठी... प्रार्थना कर."

"अगं बाई!" सगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला. "मी? मास्तरसाठी? आबा, तुमचं काय तरीच. आवो, सगळा गाव यांच्या दारात जातो प्रार्थनेला. मला कुठं येतंय तसलं बोलाया!"

"राहू द्या, आबा," शांतवन घाईनं म्हणाला. "त्यांना कशाला अवघडात टाकता? मी करतो ना. तिघांसाठी करतो."

त्यानं डोळे मिटलेसुद्धा. हात जुळले, गळा साफ झाला. दमून मेला असता तरी त्याचा गळा या वेळी साफ झालाच असता.

"तू नाही," आबा म्हणाले.

शांतवननं डोळे उघडले.

सगुणाबाई खाली बसल्या. गुडघे कुरकुरले. डोक्यावरून पदर घेतला.

"देवा बापा..." त्यांनी सुरुवात केली. "मी सगुणा. वळखलंस का न्हाई, ठावं न्हाई. तुझ्याम्होरं आमच्या वतीनं नेहमी मास्तरच बोलत्यात. आज त्येंच्यासाठी बोलायचं हाय म्हनं."

त्या थांबल्या.

"तर देवा... ह्या मास्तरला... ह्या मास्तरला तू..."

शब्द अडकला. आणि शांतवनच्या तोंडात तो तयार होता. कुणाची प्रार्थना अडली, की शब्द पुरवायचा ही त्याची जुनी खोड. लहान पोरं अडली तरी पुरवायचा, म्हातारी अडली तरी पुरवायचा. दर रविवारी हेच चाले. लोकांना ते उपकार वाटत, त्यालाही वाटत.

"सामर्थ्य..." त्यानं हळूच सुचवलं.

आबा खाटेवरून पुढं वाकले आणि त्यांनी आपला डावा हात शांतवनच्या तोंडावर ठेवला.

घट्ट ठेवला. हाताला मलमाचा वास होता. शांतवन दचकला. हात बाजूला सारावा असं त्याच्या मनात आलं, पण म्हाताऱ्या माणसाचा हात ढकलायचा कसा? तो तसाच बसून राहिला.

सगुणाबाईंनी डोळे उघडले नव्हते. त्या अडल्या होत्या त्या अडल्याच होत्या. कुठं तरी कोंबडा ओरडला. आबांनी हात काढला नाही. बाई काही बोलेनात. शांतवनला ती शांतता सोसवेना. असली शांतता त्यानं देवळात कधी पडूच दिली नव्हती. पडली की तो पेटीची पट्टी दाबायचा.

"ह्या मास्तरला," सगुणाबाई म्हणाल्या, "झोप दे."

शांतवननं डोळे मिटले.

"त्येंचं तोंड बघ कसं झालंय. उन्हात टाकल्यावानी. दोन घास सुखाचे लागू देत. घरी गेल्यावर बायकूशी बोलाया तोंड राहू दे. देवा, तुला ठावं हाय, माझा राग हाय ह्येंच्यावर. हळू म्हन म्हनले मला. लई लागलं, देवा. घरी येऊन रडले मी. तवापासनं तुझं गानं माझ्या तोंडातनं आलं न्हाई. पर आज बघितलं, तर राग काय करायचा ह्या माणसावर? त्येच पार मोडून बसल्यात. त्येंनी सगळ्यांचं वझं उचललं, आनि कुणी त्येंना जेवला का म्हनून इचारलं न्हाई. म्या बी न्हाई इचारलं, देवा. रागात व्हते. मला माफी कर. त्येंना बी कर..."

आणखीही त्या काय काय बोलल्या. धड ओळीनं काही नव्हतं. मध्येच आबांच्या गुडघ्याचं आलं, मध्येच लेकीच्या बाळंतपणाचं. शेवट कुठं करायचा ते त्यांना कळेना, म्हणून त्या नुसत्याच थांबल्या.

"आ... मेन," आबा म्हणाले.

त्यांनी हात काढला. तो ओला झाला होता. त्यांनी तो धोतराला पुसला, आणि शांतवनकडं मुद्दामच पाहिलं नाही.

शांतवनला रडू आवरत नव्हतं. लहान मुलासारखं नाही, मोठी माणसं रडतात तसं, तोंड फिरवून, आवाज गिळत. सगुणाबाई घाबरल्या.

"चुकलं का काय माझं? सांगितलं व्हतं मी, मला येत न्हाई..."

"नाही, मावशी. नाही चुकलं." त्यानं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. "मावशी... मी तेव्हा तुम्हाला..."

"जाऊ द्या. जेवला का?"

"नाही."

आबांनी डाव्या हातानं आपलं ताट त्याच्यापुढं सरकवलं. शांतवन नको म्हणणार होता. नको म्हणायची त्याला फार सवय होती. या वेळी त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. कालवणात मीठ जास्त पडलं होतं. तो सगळं जेवला.

सगुणाबाई आबांसाठी दुसरी भाकरी आणायला उठल्या, तेव्हा त्यानं विचारलं,

"मग उद्याचं काय करू, आबा? सण आहे. उपासना नऊला."

आबांनी रिकामं ताट बाजूला सारलं.

"कुलूप मी उघडतो. घंटा मी देतो. पहिलं गीत मीच उचलतो. मी नसलो तर सुरूच होणार नाही, आबा."



शांतवन खाली बघत बसला. मग त्याच्या तोंडून निघून गेलं. इतक्या हळू, की ते आबांना विचारलं की स्वतःलाच, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

"आणि... झालं तर?"

आबांनी डावा हात पुढं केला. तळवा वर.

शांतवनला कळायला वेळ लागला. मग त्यानं खिशात हात घातला. देवळाची किल्ली काढली. धरून राहिला. ती त्यानं कधी कुणाकडं दिली नव्हती, करुणाकडंसुद्धा नाही. शेवटी त्या तळव्यावर ठेवली.

"सगुणा," आबांनी आत हाक मारली.

सगुणाबाई भाकरी घेऊन बाहेर आल्या. आबांनी किल्ली त्यांच्या हातात दिली. त्या किल्लीकडं बघत राहिल्या, मग शांतवनकडं, मग पुन्हा किल्लीकडं.

"आवो, पर घंटा? आनि गीत कोन उचलायचं?"

 त्यांनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली. गाठ दोनदा मारली आणि आत गेल्या.

शांतवन उठला. सायकल भिंतीपासून काढली. रिकामा खिसा एकदा चाचपला.

"आबा, मग मी उद्या काय करू?"

आबांनी शब्द जुळवायला वेळ घेतला.

"उशिरा ये."