ठमाआईनं उचललेलं झाकण

फार वर्षांपूर्वी, कोळदरा गावात यायला पायवाटही धड नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा गावात ठमाआई नावाची औषध देणारी बाई होती. रानातला कुठला पाला कशावर चालतो, ते तिला झाडंच सांगायची, असं म्हणतात.

एकदा लागोपाठ तीन वर्षं नाचणी करपली. आणि गावातली म्हातारी माणसं पटापट आडवी पडू लागली. पाय सुजायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची, उठवलं तरी उठवत नसे. गाव म्हणालं, म्हाताऱ्यांनाच धरणारी बाधा आलीय. शहाणं गाव! आपापल्या चुलीकडे कुणी पाहिलं नाही.

दुंदाबाबा पडला तेव्हा त्याच्या सुनेनं ठमाआईला बोलावलं. ठमाआईनं कडू काढा दिला. सात दिवस ती रोज जायची, रोज विचारायची, "जेवलात का बाबा?"

"जेवलो की गं," बाबा म्हणायचा. "पोट तट्ट फुगलंय बघ."

आठव्या दिवशी तो गेला. तेव्हा सून रडत म्हणाली, "आठ-धा दिस झालं, मामंजींनी पेज तोंडाला लावली न्हाई. पोरांना ऱ्हाऊ दे म्हनायचे. आन् कुनाला सांगशील तर माझी आन हाय, म्हनले."

सात दिवस ठमाआईनं उपाशी पोटात कडू काढा ओतला होता. पोट फुगलं होतं ते भुकेनं, हे औषध देणारीला कळायला नको होतं? तिनं काढ्याचं भांडं दगडावर आपटून फोडलं.

त्यानंतर ती कुणाही म्हाताऱ्याकडे गेली की नाडी बघायची नाही, जेवलास का विचारायची नाही. थेट चुलीपाशी जायची आणि मडक्यावरचं झाकण उचलायची. मडकं रिकामं दिसलं की आपल्या घरची आंबील आणून पाजायची, आणि तोंडात शेवटचा घोट जाईपर्यंत उठायची नाही. माणसं उठून बसू लागली. बाईच्या हाताला गुण आहे, असं गाव म्हणू लागलं. गुण कसला, नाचणी होती ती, आणि ती तिच्या कणगीतली होती.

पुढे ठमाआई म्हातारी झाली. कणगी तळाला लागली. तरी रोज दिवस कलला की तिच्या छपरातून धूर निघायचा. येणारे-जाणारे दारातूनच विचारायचे, "जेवलीस का ठमाआई?" ती म्हणायची, "जेवले की." आणि माणसं पुढे जायची. झाकण उचलायला एकजणही आत गेला नाही. मला याचा अजून राग येतो.

एका संध्याकाळी धूर निघाला नाही. लोक आत गेले तेव्हा ती चुलीशेजारी गार पडली होती. चुलीत नुसता पालापाचोळा जाळलेला. मडक्यावरचं झाकण उचललं, तर आत कोळ्याचं जाळं.

त्या दिवसापासून कोळदऱ्यात काही शिजेना, असं म्हणतात. लाकडं जळायची, पण पाणी कोमटसुद्धा होत नसे. तीन दिवस गाव उपाशी राहिलं, तेव्हा कुठे एका बाईला सुचलं. ती उठली आणि शेजारच्या म्हातारीच्या मडक्यावरचं झाकण उचलून आली. मग सगळेच घरोघर गेले. म्हाताऱ्यांची पाच मडकी अशी निघाली, की त्यांत कच्चा दाणाही नव्हता. मूठमूठ नाचणी जमवून पाचही चुलींवर चढवली, आणि साऱ्या गावातल्या मडक्यांना एकदम आधण आलं.

कोळदऱ्यात आजही म्हाताऱ्या माणसाला जेवलास का असं विचारत नाहीत. संध्याकाळी शेजारची सून येते, काही न विचारता आत जाते, ठमाआईचं नाव घेते आणि झाकण उचलते. म्हातारी माणसं चिडतात, आम्ही जेवलोय म्हणतात. ती ऐकत नाही.

गेल्या साली शेजारच्या सुनेनं माझ्या घरचं झाकण उचललं. मीही जेवलोय म्हणालो होतो. तिनं आत पाहिलं, झाकण परत ठेवलं आणि आपल्या घराकडे गेली. ती पातेलं घेऊन परत येईपर्यंत मी मान वर केली नाही.