काचेवरचा पापुद्रा

फार वर्षांपूर्वी विमलमावशींच्या मनगटी घड्याळाची काच सगळ्यालाच भ्यायची. दाराची कडी किंवा नळाची तोटी जवळ आली, की ती अंगावरच्या प्लास्टिकच्या पापुद्र्याला म्हणायची, "दादा, मला सोडू नकोस हं!"

एकदा पापुद्र्याची कड उचकटली आणि वाळूचा कण आत शिरला.

"ताई, आता मला जाऊ दे. हा कण तुला ओरबाडेल," पापुद्रा कळवळून म्हणाला.

"आणि तू गेल्यावर काही आपटलं तर?" काच त्याला आणखीच बिलगली.

मावशी रोज पदराने घड्याळ पुसत आणि कण आतल्या आत घासला जाई.

शेवटी पापुद्रा आपोआप गळून पडला. मावशींनी मनगट डोळ्यांजवळ नेलं, उजेडात तिरकं धरलं आणि मग शेजारणीला विचारलं, "किती वाजले गं?"