शिंपलबेटाची धावपट्टी

माडबेट हा मोठा देश, तर शेजारचं शिंपलबेट चिमुकलं. दोघांमध्ये विमानं सुरू करायची बोलणी चालली होती. माडबेटाचे मंत्री रायाजीराव मिशीला पीळ देत म्हणाले, "आकार बघून वाटणी करू. आम्ही दहापट मोठे, म्हणून आमची दहा विमानं, तुमचं एक."

असं झालं तर शिंपलबेटाची विमान कंपनी बुडालीच! पण त्यांच्या मंत्री केसरबाई हसल्या. "कबूल, साहेब. मग उतरू देतानाही आकारच बघू. तुमच्याकडे दहा विमानं उतरतील, आमच्याकडे एक. तुमची उरलेली नऊ वरच फिरवत ठेवा."

रायाजीरावांचा हात मिशीवरच थांबला. मग ते खो खो हसत म्हणाले, "निम्मी निम्मी लिहा!"

केसरबाईंनी दोन शहाळी मागवली. "हे मात्र आकार बघून. मोठं तुम्हाला."