ओ देण्याचा कातळ

शिरवणे बंदराच्या दक्षिण टोकाला, खाडी समुद्राला मिळते तिथे, हा काळा कातळ आहे. दिवस मावळताना गावातली एक तरी बाई त्यावर चढते, समुद्राकडे तोंड करून एकच परका शब्द मोठ्याने म्हणते आणि खाली उतरते. त्याआधी गावात कुणी जेवायला बसत नाही. तो शब्द पाहुण्यांनी विचारू नये, सांगत नाहीत. तो का म्हणतात, ते मात्र आनंदाने सांगतात.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा दूरदेशीचे व्यापारी गलबतं घेऊन मिरी आणि सागवान न्यायला इथे येत. एका वर्षी असं गलबत आलं, की त्यात माल थोडा आणि माणसंच फार. आपल्या मुलखातून हाकललेली ती माणसं म्हणे नवी भूमी शोधत निघाली होती. त्यांच्यातला एक सुतार तापाने फणफणला होता. त्याला किनाऱ्यावर उतरवून, ‘जागा मिळाली की न्यायला येतो’ असं खुणांनी सांगून गलबत पुढे गेलं. ते काही परत आलं नाही.

सुतार जगला. त्याचं नाव गावाच्या जिभेला पेलेना, म्हणून सगळे त्याला पल्याडो म्हणू लागले. होड्या दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण रोज सांजवेळी तो या कातळावर उभा राहून समुद्राकडे एक हाक घाली, वाट पाही आणि पडल्या चेहऱ्याने उतरे. अंधार गडद झाल्यावरच दोन घास खाई.

जाखू नावाची विधवा कातळाशेजारी मासळी सुकवायची. तिचा नवरा होडीसकट गेलेला, प्रेतही हाती लागलं नव्हतं. जिभेची तिखट, पण मनाची निर्मळ. एकदा तिला राहवेना.

“कोणाक हाक मारतस रे रोज? समुद्र काय तुझो मामा?”

पल्याडोने मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं. पळता पळता त्याचे लोक जिथे थांबत, तिथे सांजवेळी त्यांच्यातला सर्वांत म्हातारा विचारी, “किती उरलो?” आणि बाकीचे ओ देत, “सगळे.” असं करता करता तीच त्यांची प्रार्थना झाली, तोच धर्म झाला. ज्याच्या हाकेला ओ मिळाली नाही तो हरवला, आणि तसाच मेला तर मेल्यावरही हरवलेलाच राहिला. आपल्या हाकेला आपणच ओ द्यायची नाही, असा दंडक होता.

“मग माका शिकव. मी ओ देतंय.”

“तू आमच्यातली नाय,” तो म्हणाला. त्याचंही खरंच होतं, आणि जाखूला ते फार लागलं.

तीस वर्षं अशी गेली, असं सांगतात. हाकेला ओ देणारं कुणी नव्हतं. शेवटी पल्याडो खाटेला खिळला. एका संध्याकाळी जाखू पेज घेऊन गेली, तर तो लहान पोरासारखा रडत होता. मरणाला तो भीत नव्हता. हरवायला भीत होता.

“तुझे लोक आता येवचे नाय रे,” ती म्हणाली. “सांग तो शब्द.”

त्याने सांगितला. ती उठली, पण दारातच थबकली.

“सगळे म्हणजे कोण? दर्यात गेलेलो माझो घोवसुद्धा?”

पल्याडोच्या लोकांनी असा प्रश्न कधी विचारला नव्हता. मग तो म्हणाला, “तोसुद्धा. तूसुद्धा.”

जाखू कातळावर चढली. कातळाखालच्या त्याच्या झोपडीतून क्षीण हाक आली, आणि तिने साऱ्या खाडीला ऐकू जाईल अशी ओ दिली. त्या दिवशी पल्याडो उजेडात जेवला. पहाटे तो गेला. दुसऱ्या सांजेला हाक घालणारं कुणी नव्हतं, तरी जाखू चढली. बाहेर कुठे त्याचं गलबत विचारत असेल तर, असं तिला वाटलं म्हणे.

पुढे पारशी आले, यहुदी आले, मुसलमान आले. प्रत्येकाला पल्याडो आपलाच वाटला. गाव कुणालाही नाही म्हणत नाही.

आजही कधी एखादी होडी बुडते. ज्या घरचं माणूस परतलं नाही, त्या सांजेला त्याच घरच्या बाईने ओ द्यायची असते. सगळं गाव कातळाखाली उभं राहतं. कुणी घाई करत नाही. ती वर जाते, पाण्याकडे बघते आणि कधीतरी तिच्या तोंडून ‘सगळे’ म्हणणारा तो शब्द फुटतो. तिला कुणी खोटं पाडत नाही. मग हाताला धरून तिला जेवायला नेतात.