भिंतीवरची गोधडी

वस्तू बोलायच्या त्या काळी एक गोधडी शहरातल्या प्रदर्शनात भिंतीवर चढली आणि तिचे पाय जमिनीला लागेनात. शेजारी दगडात कोरलेली माणसं गळ्यात गळे घालून उभी होती. त्यांना ती म्हणाली, “पोरांना पांघरायचं हलकं काम आता माझ्यानं व्हायचं नाही. मी समाजाची ओळख आहे म्हणे!”

लोक गारठलेल्या दालनात कुडकुडत, लांबूनच म्हणत, “वा, काय ऊब आहे!” गोधडी आणखी फुगे.

एके दिवशी तिला शिवणारी भागाबाई आली. तिच्या गावात गोधडी टांगत ती पोरानं ओली केल्यावरच. भागाबाईनं कोपरा हुंगला आणि सगळ्यांदेखत विचारलं, “अगं बाई, कुणी मुतलं गं तुझ्यावर? महिना झाला टांगून, अजून वाळली नाहीस?”